पाळी चुकली म्हणून मानसिक आजाराची गोळी बंद करावी का?

विदर्भातल्या खेड्यात मानसिक आजाराची गोळी चालू असलेल्या सुनेची पाळी चुकली, की घरात पहिला निर्णय होतो तो गोळी बंद करण्याचा. तो डॉक्टर घेत नाहीत. सासू घेते, माहेरची आई घेते, कधी औषधाच्या दुकानातला माणूस घेतो, आणि बऱ्याचदा ती बाई स्वतःच कुणाला न सांगता घेते. ‘गोया बंद कर बाई, पोटातल्या लेकराले काई झालं तं?’ असे म्हणणाऱ्याच्या मनात काळजीच असते. परंतु स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजारात वर्षानुवर्षे सांभाळलेली प्रकृती या एका निर्णयाने काही आठवड्यांत ढासळू शकते, आणि त्याचा फटका आईइतकाच पोटातल्या बाळालाही बसतो. म्हणून या औषधांपैकी कशाला घाबरायचे, कशाला नाही आणि कशावर फक्त नजर ठेवायची, हे दिवस राहण्याआधीच माहीत असलेले बरे.

येथे ज्या औषधांचा विचार केला आहे त्यांना अँटिसायकोटिक म्हणतात. कानात आवाज येणे, जेवणात कुणीतरी काही कालवते असा संशय पक्का होणे, रात्र-रात्र न झोपता बडबड करत फिरणे अशा लक्षणांवर ती दिली जातात आणि मेंदूतील डोपामिन या रसायनाचा प्रभाव आटोक्यात ठेवतात. क्लोरप्रोमाझिन हे त्यांतले पहिले औषध १९५०च्या दशकात वापरात आले. हॅलोपेरिडॉल आणि ट्रायफ्लुओपेराझिन ही त्याच जुन्या पिढीतली. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अ‍ॅरिपिप्राझोल, अमिसुलप्राइड आणि क्लोझापिन ही नव्या पिढीतली. गावात या सगळ्यांना सरसकट ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हटले जाते, आणि तिथेच एक अडचण सुरू होते. दवाखान्यातून मिळालेली पट्टी अनेकदा अर्धी कापलेली असते, नाव कापल्या भागाबरोबर गेलेले असते, आणि डोक्याच्या गोळ्यांच्या त्या पिशवीत अँटिसायकोटिकशेजारी अगदी वेगळ्या जातीचे एखादे औषधही असू शकते.

ते वेगळे औषध म्हणजे व्हॅल्प्रोएट. ते अँटिसायकोटिक नाही. बायपोलर आजारात मनःस्थिती स्थिर राखण्यासाठी, फिट येऊ नये म्हणून, आणि काही वेळा अर्धशिशीसाठीही ते देतात. गर्भारपणात ज्याची खरोखर भीती बाळगावी असे औषध या पिशवीत असेल तर ते हेच आहे. पहिल्या तिमाहीत ते पोटात गेलेल्या दर १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते. त्यांत पाठीचा कणा नीट बंद न होण्याचा गंभीर दोषही येतो. शिवाय अशा १०० मुलांपैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलणे, चालणे, शिकणे यांत अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला दुसरा पर्याय असताना हे औषध देऊच नये, असे आता जगभर मानले जाते. तरीही ते फिटसाठी चालू असेल तर एका दिवसात बंद करणे जिवावर बेतू शकते. पाळी चुकल्याचे लक्षात येताच डॉक्टरांना गाठावे, आणि त्याहून चांगले म्हणजे लग्न ठरते तेव्हाच ते बदलून घ्यावे. फिट आणि बायपोलर आजारासाठीच दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनचा धोका व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी असला तरी त्याबद्दलही हेच सांगता येईल.

आता मूळ औषधांकडे वळू. कोणतेही औषध न घेणाऱ्या निरोगी स्त्रियांतही दर १०० जन्मांमागे दोन-तीन बाळांत मोठे जन्मजात व्यंग असते, हा मुद्दा आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही. औषधाचा दोष मोजायचा तर तो या आकड्यावरून पुढे मोजावा लागतो. अमेरिकेतील मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनेतल्या सुमारे १३ लाख गर्भारपणांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक स्त्रियांनी पहिल्या तिमाहीत नव्या पिढीतले अँटिसायकोटिक घेतले होते. नुसती मोजणी केली तेव्हा औषध न घेतलेल्यांत दर हजारी सुमारे ३३ आणि घेतलेल्यांत सुमारे ४५ बाळांत व्यंग दिसले. येथेच थांबले तर औषध दोषी ठरते. पण ज्या स्त्रिया ही औषधे घेतात त्यांच्यात मधुमेह, वाढलेले वजन, तंबाखू आणि सोबतची इतर औषधे यांचे प्रमाणही जास्त असते, आणि यांतल्या अनेक गोष्टी स्वतंत्रपणे बाळाला त्रासदायक असतात. त्यांचा हिशेब वेगळा काढल्यावर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. फक्त रिस्पेरिडोनच्या बाबतीत किंचित वाढ शिल्लक राहिली: जिथे १०० मध्ये तीन-साडेतीन बाळे अपेक्षित होती तिथे साधारण चार. अभ्यासकांनी तीही सावधपणे घ्यायला सांगितली. मुले मोठी झाल्यावर त्यांच्या बुद्धीवर व वागण्यावर काय परिणाम होतो याचा पुरावा मात्र जन्मजात व्यंगांच्या पुराव्याइतका भक्कम अद्याप नाही. आतापर्यंत जे पुढे आले आहे ते व्हॅल्प्रोएटसारखे चिंताजनक नाही, एवढे म्हणता येते.

या ठिकाणी थोडे विषयांतर करून एक नोंदवावेसे वाटते. ज्या घरात रिस्पेरिडोनची एक गोळी बाळासाठी विष ठरवली जाते, त्याच घरात गर्भवतीच्या तोंडात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा असल्याचे कुणाला फारसे वावगे वाटत नाही. तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी भरते, ते वेळेआधी जन्मते आणि पोटातच दगावण्याचा धोकाही वाढतो; याबाबत पुराव्यात काहीही संदिग्धता नाही.

गोळी बंद करण्याचा निर्णय बहुधा कधी घेतला जातो, हेही पाहण्यासारखे आहे. बाळाच्या मणक्यातला मज्जारज्जू आणि मेंदू ज्यापासून तयार होतात ती नळी गर्भधारणेपासून चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. हृदय, हातपाय, टाळू यांची घडण त्यानंतरच्या काही आठवड्यांत पार पडते. खेड्यात गर्भारपणाची नोंद पुष्कळदा तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होते. त्या वेळी घाबरून गोळी थांबवली, तर व्यंगाच्या दृष्टीने फारसे काही वाचत नाही, कारण तो काळ उलटून गेलेला असतो. आजार उलटण्याचा धोका तेवढा पदरी पडतो. बायपोलर आजार असलेल्या ८९ गर्भवतींच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मनःस्थिती स्थिर राखणारी औषधे बंद केलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के स्त्रियांचा आजार गर्भारपणात उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. ज्यांनी एकदम बंद केले त्यांचा आजार हळूहळू बंद करणाऱ्यांपेक्षा लवकर उलटला.

आजार उलटणे म्हणजे नुसते वेड्यासारखे वागणे नव्हे. जेवणात विष आहे असे वाटणारी गर्भवती जेवत नाही. नर्सबाईंवर संशय असेल तर ती तपासणीला येत नाही, धनुर्वाताचे इंजेक्शन घेत नाही, सोनोग्राफीच्या टेबलावर चढत नाही. रात्री घरातून निघून जाते, विहिरीकडे जाते. शेवटी तिला आवरण्यासाठी मोठ्या मात्रेत दोन-तीन औषधे एकदम द्यावी लागतात आणि बाळाच्या वाट्याला पहिल्यापेक्षा जास्त औषध येते.

पूर्ण बंद करायची हिंमत नसते तेव्हा बरीच घरे मधला मार्ग म्हणून गोळी अर्धी करतात. हा मार्ग मला सर्वांत फसवा वाटतो. आजार ताब्यात राहत नाही एवढ्या कमी मात्रेत औषध घेतले, तर बाळाला औषधही मिळते आणि आईच्या आजाराची झळही लागते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. डॉक्टर ‘कमीत कमी डोस’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आजार आटोक्यात ठेवणारा कमीत कमी डोस असा असतो, आणि शक्य असेल तर दोन-तीन औषधांऐवजी एकच. एखादे औषध जिला वर्षानुवर्षे लागू पडले आहे तिचे ते औषध गर्भारपणात केवळ नवे म्हणून किंवा जुने म्हणून बदलण्यात सहसा शहाणपण नसते. बदलताना आजार उलटू शकतो आणि बाळाला एकाऐवजी दोन औषधे भेटतात.

उलट काही वेळा गरोदरपणात मात्रा वाढवावी लागते. गर्भारपणात यकृताची औषध पचवण्याची रीत बदलते. क्वेटियापिन आणि अ‍ॅरिपिप्राझोल यांचे रक्तातील प्रमाण शेवटच्या तिमाहीत बरेच खाली येते. ओलान्झापिन आणि क्लोझापिनचे तसे सहसा होत नाही. गोळी न चुकवताही झोप उडू लागली, चिडचिड आणि संशय डोकावू लागला, तर त्यामागे हे कारण असू शकते. म्हणून दर महिन्याला पोटाच्या तपासणीबरोबर ‘झोप किती लागते’ हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

दिवस राहण्याच्या बाबतीतही एक गोम आहे. रिस्पेरिडोन, अमिसुलप्राइड आणि हॅलोपेरिडॉल यांमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि घरातले समजतात की आता हिला मूल होणार नाही. पुढे वजनामुळे किंवा दुसऱ्या कारणाने औषध बदलले, की पाळी परत येण्याआधीच दिवस राहू शकतात आणि ते चार-चार महिने कळत नाहीत. अशी औषधे घेणाऱ्या स्त्रीची पाळी नसली तरी लघवीची तपासणी करून पाहावी, आणि मूल नको असेल त्या काळात तांबी किंवा अंतरा इंजेक्शनासारख्या साधनाविषयी आशाताईंशी बोलून ठेवावे. मूल हवे असेल तर फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करावे. त्याची मात्रा काहींना नेहमीपेक्षा जास्त लागते.

ओलान्झापिन, क्लोझापिन आणि काही प्रमाणात क्वेटियापिन यांचा खरा उपद्रव वजन आणि साखर यांवर होतो. गर्भारपणातला मधुमेह झाला तर बाळ अवास्तव मोठे होते, बाळंतपण अडते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाते. यासाठीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्तातील साखर मोजतात, आणि ती १४० किंवा त्याहून जास्त भरली तर मधुमेह धरून उपचार सुरू करतात. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ही तपासणी करायची असते. या औषधांवर असलेल्या स्त्रीने दुसरी तपासणी मुळीच चुकवू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टर तपासतात, तो दिवस यासाठी सोयीचा आहे. क्लोझापिन घेणाऱ्यांनी बद्धकोष्ठाकडेही लक्ष द्यावे. हे औषध आतड्यांची हालचाल मंदावते, गर्भारपण ती आणखी मंदावते आणि लोहाच्या गोळ्यांनी शौच घट्ट होते. तीन-तीन दिवस पोट साफ न होणे हे अशा स्त्रीत किरकोळ दुखणे समजू नये. क्लोझापिनने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून त्यांची नियमित तपासणीही गर्भारपणात थांबवायची नसते.

बाळंतपण घरी होऊ नये हे सर्वांनाच लागू आहे, येथे त्याला एक जादा कारण आहे. शेवटच्या तिमाहीत ही औषधे घेतलेल्या आईच्या काही बाळांना जन्मानंतर थरथर, अंग ताठ किंवा ढिले पडणे, फार झोपाळूपणा, श्वासाला त्रास, नीट ओढून दूध न पिणे अशी लक्षणे दिसतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ साली या वर्गातल्या सर्वच औषधांच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. बहुतेक बाळे काही तासांत किंवा दिवसांत सावरतात, थोड्यांना नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावे लागते. म्हणून बाळंतपण जेथे असा कक्ष आहे किंवा जवळ आहे तेथे व्हावे आणि प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना औषधाचे नाव आधी कळलेले असावे. हे टाळण्यासाठी शेवटच्या महिन्यात गोळी थांबवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यानंतर लगेच जो काळ येतो तो सर्वांत धोक्याचा असतो.

बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार दर हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. आधीपासून बायपोलर आजार असलेल्यांत ते प्रमाण चार-पाच जणींमागे एक इतके वाढते. सुरुवात झोप उडण्यापासून होते. बाळ रडत नसतानाही आई जागी असते, फार बोलते किंवा एकदम गप्प होते, बाळ आपले नाही किंवा त्याच्यात काही शिरले आहे असे म्हणते. गावात याला ‘बाहेरचं लागलं’ असे नाव मिळते आणि भगताकडे, बाबाकडे जाण्यात चार-पाच दिवस जातात. ही प्रसंगी आईच्या आणि बाळाच्या जिवावर उठणारी तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी १०८ बोलावून मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि तोवर आईला बाळाजवळ एकटी ठेवू नये.

यात आपल्या चालीरीतींचा एक पेच आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. मुलगी सातव्या महिन्यात जाते आणि सव्वा महिना उलटून परतते. आजार सासरपासून लपवून लग्न झालेले असेल तर ती आधीच गोळ्या चोरून घेत असते किंवा घेतच नसते, आणि आजार सासरी सुरू झाला असेल तर तो माहेरी नीटसा माहीत नसतो. दोन घरांच्या मधल्या या प्रवासात गोळ्या आणि दवाखान्याची चिठ्ठी मागे राहते. माता व बाल संरक्षण कार्ड मात्र सर्वत्र बरोबर जाते. औषधाचे नाव, मात्रा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन त्या कार्डावर लिहून घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मे महिन्यातल्या बाळंतिणीला बंद खोलीत शेक-शेगडी देताना हेही ध्यानात ठेवावे की ही औषधे शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी करतात. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. बायपोलर आजारावरचे लिथियम हे औषध चालू असेल तर पाणी कमी पडल्याने रक्तातील लिथियम विषारी पातळीला जाऊ शकते.

दुधाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आईच्या वजनाच्या हिशेबात तिला जेवढे औषध मिळते, त्याच्या किती टक्के बाळाला बाळाच्या वजनाच्या हिशेबात दुधातून मिळते हे मोजतात, आणि दहा टक्क्यांच्या आत असेल तर ते साधारणपणे चालण्यासारखे मानतात. ओलान्झापिन आणि क्वेटियापिन एक-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखालीच राहतात. रिस्पेरिडोन त्याहून जास्त उतरते, तरी बाळावर नजर ठेवून पाजता येते. अमिसुलप्राइड दुधात फार उतरते. अ‍ॅरिपिप्राझोलने काहींचे दूधच कमी होते. क्लोझापिन चालू असताना अंगावर पाजू नये, कारण बाळाला गुंगी आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो. बाळ वेळेआधी जन्मलेले किंवा फार कमी वजनाचे असेल तर हे सारे हिशेब अधिक सावधपणे करावे लागतात, कारण त्याचे यकृत अजून कच्चे असते. दूध पिळून फेकून देण्याची गरज सहसा नसते. बाळ पाजण्यासाठी उठवावे लागते का, ओढताना मध्येच झोपते का आणि वजन वाढते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दुधातून जाणाऱ्या औषधापेक्षा मला दोन गोष्टींची काळजी अधिक वाटते. गुंगी आणणारी गोळी घेऊन झोपलेल्या आईच्या कुशीत, एकाच सतरंजीवर बाळ झोपले तर ते तिच्या अंगाखाली येऊ शकते. पाजून झाल्यावर बाळ आजीने शेजारी वेगळे निजवावे. दुसरी गोष्ट म्हणजे आईची झोप. सलग झोप तुटणे हेच या आजारांना उलटवणारे मोठे कारण असते, म्हणून रात्रीचे एखादे पाजणे पिळून ठेवलेल्या दुधाने किंवा वरच्या दुधाने दुसऱ्या कुणी सांभाळले तर त्यात आईचा कमीपणा नाही. वरचे दूध द्यायचे तर ते कोणते आणि कसे, हे डॉक्टरांना विचारूनच.

बाळ घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून पुढे देशभर गेली. या भेटी बाळासाठी ठरवलेल्या असल्या तरी त्यांचे दिवस बाळंतपणानंतरच्या मनोविकाराच्या धोक्याच्या दिवसांशी नेमके जुळतात. वजनकाटा काढताना आईला झोपेबद्दल दोन प्रश्न विचारायला वेगळ्या योजनेची गरज पडू नये.

सल्ल्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग, नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय, तसेच नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया आणि सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालये आहेत. लांब जाणे शक्य नसेल तर २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत विनामूल्य बोलता येते. बाळंतिणीला भरती करावी लागली तर बाळ कायमचे तुटेल या भीतीने पुष्कळ घरे तिला नेतच नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही. आईच्या आजारामुळे किंवा बाळाच्या सुरक्षिततेसाठी वेगळे ठेवणे भागच पडले, तर ते तात्पुरते असते आणि त्याचा वेळोवेळी फेरविचार करावा लागतो. भरतीच्या वेळी नातेवाइकांनी ही गोष्ट डॉक्टरांना थेट विचारावी.